काचेच्या कपाटातील शुद्ध हवा

मी लोकांच्या घरातील हवा तपासते, असे सांगितले की समोरचा माणूस प्रथम माझ्याकडे आणि नंतर खिडकीकडे पाहतो. खिडकी असताना या बाईची गरज काय, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलेला असतो. सभ्य माणसे तो विचारत नाहीत. ती चहा विचारतात. पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेऊन मी काही काळ पुण्यात एका कंपनीत एसीच्या गाळण यंत्रणांवर काम केले आणि मग शहाद्याला परतून स्वतःचा व्यवसाय थाटला. घरातील थंड-गरम हवेची यंत्रणा बसवणे, तिला योग्य गाळणी लावणे आणि त्या घरातील माणसे प्रत्यक्षात काय श्वासात घेतात हे मोजणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. माझी आत्या नातेवाइकांना सांगते की पोरगी एसी धुते. व्याख्या अपुरी आहे, पण चुकीची म्हणता येत नाही.

दिवाळी अंकात अनुभव सांगण्यासाठी केस पांढरे असावे लागतात, असा समज आहे. माझे अजून काळे आहेत. परंतु कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारातील एसी उघडला की ते काही काळ पांढरे दिसतात. तेवढ्याच अधिकारावर हे लिहीत आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे शास्त्र आधी सांगून टाकते. एसी बाहेरची हवा गार करून घरात आणतो, अशी बहुतेकांची श्रद्धा असते. तो तसे काही करत नाही. तो खोलीतीलच हवा आत ओढतो, गार किंवा गरम करतो आणि तीच आपल्याला परत करतो. बंद खोलीत आपण जे सोडतो, तेच आपल्याला फिरून मिळते. आत ओढताना ही हवा प्लास्टिकच्या एका जाळीतून जाते. जाळी केस, तंतू, जाड धूळ अडवते. बारीक धूळ तिच्यातून सुखाने निघून जाते. तिला अडवायचे तर जाळीमागे दाट गाळणी बसवावी लागते. दाट गाळणीमुळे वाऱ्याचा जोर किंचित घटतो आणि ग्राहकाचा फोन येतो, "ताई, वारं कमी लागी ऱ्हायनं." शुद्ध हवा दिसत नाही, वारा मात्र लागतो. माझ्या व्यवसायाची सगळी अडचण एवढीच आहे.

ग्राहक नाना तऱ्हेचे भेटतात. कळसाडीच्या एका ऊस बागायतदारांनी मुलीच्या आग्रहावरून हवा शुद्ध करणारे यंत्र घेतले आणि बऱ्याच महिन्यांनी ते काहीच करत नसल्याची तक्रार केली. मी झाकण उघडले, तेव्हा गाळणी कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकच्या वेष्टनात जशीच्या तशी होती. दारात उभ्या असलेल्या गाडीच्या आसनांवरही तसेच वेष्टन मी येताना पाहिले होते. निदान तेवढ्यावरून मला अंदाज यायला हवा होता. शहाद्याजवळच्या एका जिनिंगमालकांच्या बंगल्यावर एसीच्या बाहेरच्या पेटीवर रुईची अशी जाड गादी बसली होती की यंत्राला थंडी वाजत असावी. मी ती सोलून काढली. मालकांनी तिच्यातील चिमूटभर रुई बोटांत ओढून धाग्याची लांबी पाहिली आणि माल चांगला असल्याचा अभिप्राय दिला. एसी का बंद पडला, हे त्यांनी विचारले नाही.

परंतु मला जी हकिगत सांगायची आहे, ती नंदुरबारच्या एका घराची आहे. त्या घराची हवा मी तपासली, निर्दोष ठरवली आणि माझ्या त्या निष्कर्षामुळे एका माणसाला गाव सोडावे लागणार होते.

तो माणूस म्हणजे आप्पा. आप्पांनी उमेदीची सगळी वर्षे मिरचीच्या अडतीत घालवली. आता धंदा पुतण्याकडे आहे, पण सकाळी बाजाराला फेरी मारून आल्याशिवाय त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. त्यांना दमा आहे. थंडीत तो बळावतो. त्यांचा मुलगा निलेश पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. वडिलांनी शेगडी पेटवून धुरात बसू नये म्हणून त्याने त्यांच्या खोलीत गरम-गार दोन्ही करणारा एसी बसवायला लावला. काम माझ्याकडे आले. जाळीमागे दाट गाळणीही मीच बसवली.

आप्पांच्या पत्नीला सगळे माई म्हणतात. माईंच्या घरात धूळ शोधणे हा अपमान समजला जातो. जाळी पंधरवड्याला एकदा साध्या पाण्याने धुवावी, असे मी सांगितले होते. माई ती दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धूत. माझे ग्राहक वर्षभर जाळीला हात लावत नाहीत, आणि येथे ही गृहिणी! मी इतर ग्राहकांना माईंचे उदाहरण देऊ लागले. एका व्याख्यानात 'आदर्श ग्राहक' या शीर्षकाखाली त्यांच्या चकचकीत जाळीचे छायाचित्रही दाखवले. ते छायाचित्र मी आजही काढून टाकलेले नाही, मात्र दाखवत नाही.

एवढे करूनही त्या हिवाळ्यात आप्पांचा दमा वाढला. निलेशचे मत पडले की दोष गावाचा. नंदुरबारला थंडीत मिरचीच्या पथारी लागतात. मैदानेच्या मैदाने लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि वारा फिरला की अर्धे गाव शिंकते. येथे त्या दिवसांत खोकणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मला निलेशचा तर्क पटला. मी खिडक्यांच्या फटी पट्ट्या लावून बुजवल्या. बाहेरची हवा आत येणे बंद झाले आणि आप्पांची रात्र अधिक वाईट जाऊ लागली.

हे कोड्यात टाकणारे होते. मी दोनदा जाऊन खोलीतील धूलिकण मोजले. आकडे उत्तम आले. तेव्हा हवा मोजणारे एक छोटे यंत्रच मी तेथे ठेवून दिले. त्याचे आकडे माझ्या आणि निलेशच्या मोबाइलवर येत. पुढील सारा काळ त्या यंत्राने जी रेषा काढली, तिच्यासारखी सपाट रेषा मी कोणत्याही घरात पाहिलेली नाही. सातपुड्यातील डोंगरमाथ्यावरही इतकी स्वच्छ हवा सापडणार नाही, असे मी कौतुकाने निलेशला कळवले. त्याने त्यातून जो निष्कर्ष काढला, त्यात तर्काची एकही चूक नव्हती. घरातील हवा निर्दोष, उपकरणे निर्दोष, औषधे चालू. म्हणजे आप्पांनी नंदुरबारात राहणेच योग्य नाही. डॉक्टरही म्हणाले, बदल करून पाहा. पुण्यात निलेशच्या घरी एक खोली आप्पा-माईंसाठी तयार झाली, आणि गाडी घेऊन तो त्यांना न्यायला आला. घराला कुलूप लागायचे होते, तेही काही दिवसांसाठी नव्हे.

प्रकरण मिटले, म्हणून मी माझे यंत्र परत आणायला गेले.

ओसरीत बांधलेल्या पिशव्या होत्या. आप्पा खुर्चीवर बसून त्यांच्याकडे पाहत होते. मी पुण्याविषयी काही बरे बोलायचे म्हणून बोलले. ते म्हणाले, "तठे बाराव्या मजल्यावरथून खाले देखानं. खाले कोन शे? माले वळखस असा एकबी नही." मग त्यांना खोकला आला आणि बोलणे तेथेच राहिले.

खोलीत यंत्र नव्हते. मी माईंना विचारले. त्यांनी मला अभिमानाने बैठकीत नेले. तेथे भिंतीत काचेचे कपाट आहे. त्यात निलेशची बक्षिसे, चिनी मातीचे दोन हंस आणि कधी न वापरलेला कपांचा संच ठेवलेला आहे. हंसांच्या मध्ये माझे यंत्र होते. त्याच्यावर क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल होता. कपाटाची काच घट्ट बंद होती.

"इतलं भारी यंत्र शे," माई म्हणाल्या. "बाहेर ऱ्हातं तर त्यान्हावर धूळ बसनी असती."

धूळ मोजण्याचे यंत्र धूळ लागू नये म्हणून काचेत ठेवले गेले होते. मी एवढे दिवस दोन हंसांच्या श्वासाची नोंद घेत होते, आणि हंसांची प्रकृती उत्तम होती.

हसू येण्याआधी माझ्या मनात दुसरा प्रश्न आला. यंत्राचे आकडे खोटे, हे मान्य. पण मी स्वतः दोनदा मोजले होते, त्याचे काय? त्याचे उत्तर माईंनी त्याच क्षणी कृतीने दिले. मी आप्पांच्या खोलीकडे वळताच त्या लगबगीने पुढे गेल्या, त्यांनी एसी बंद केला आणि खिडकी सताड उघडली. कोंडलेल्या खोलीत पाहुण्याला बसवायचे नाही, ही त्या घराची रीत आहे. मी आले की हे दर वेळी होत असणार, आणि मी ते दर वेळी आदरातिथ्य म्हणून स्वीकारले होते. मी मोजलेली हवा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली होती. आप्पा ज्या हवेत झोपत, ती मी कधी मोजलीच नव्हती.

माई चहा ठेवायला गेल्या. मी खुर्चीवर चढून एसीचे झाकण उघडले आणि जाळी बाहेर काढली. ती स्वच्छ दिसत होती. तिच्यावरून बोट फिरवले. बोटाला अगदी पुसट तांबूस काहीतरी लागले. दाट गाळणी पाहिली, तर तिच्या घड्यांत तीच तांबूस छटा साठून राहिली होती. आणि मग, विचार करताना डोळा चोळण्याची माझी जी लहानपणापासूनची सवय आहे, ती मी पाळली.

प्रयोगशाळेत महाग उपकरणांवर करता येणारे एक विश्लेषण माझ्या उजव्या डोळ्याने तात्काळ पूर्ण केले. मी खुर्चीवरून कशी उतरले, हे आठवत नाही. पाणी वाहणाऱ्या एका डोळ्याने मी आप्पांकडे पाहिले, तर ते दारात उभे राहून समाधानाने हसत होते.

"मिरची लागनी ना?" ते म्हणाले. "चला, आते तुन्हा डोळाबी नंदुरबारना व्हयना."

जाळी कोठे वाळते, हे पाहण्यासाठी मला गच्चीवर जावे लागले नाही; आप्पांनीच सांगितले. माई वर्षाची मिरची बाजारातून कधी तयार घेत नाहीत. पथारीवर माल वाळवण्याची पद्धत त्यांना पसंत नाही. ओली मिरची आणून, गच्चीवर स्वतः वाळवून, देठ खुडून त्या सुपाने पाखडतात. पुण्याची, सुरतेची, नाशिकची अशी सर्व मुला-भाच्यांची वर्षाची बेगमी त्या गच्चीवर होते. आणि गच्चीवर ऊन सगळ्यांत चांगले, म्हणून धुतलेली जाळीही तेथेच, सुपाच्या शेजारच्या दोरीवर. ओली जाळी उडणारी बारीक भुकटी धरून ठेवते. वाळली की ती एसीत बसते. गरम वारा सुरू झाला की काही भुकटी गाळणीत अडकते, उरलेली सैल फटींतून खोलीत येते. खिडक्या मी बुजवलेल्याच होत्या, त्यामुळे ती बाहेर जाण्याचाही प्रश्न नव्हता. माई जितक्या जास्त वेळा जाळी धूत, तितके आप्पा जास्त खोकत. आदर्श ग्राहक!

तुम्हाला हे ठाऊक होते का, असे मी आप्पांना विचारले. जन्म मिरचीत गेलेल्या माणसाला एसी सुरू होताच कोणता वास येतो हे कळणार नाही, अशी अपेक्षा करणेच मूर्खपणाचे होते. मग सांगितले का नाही?

आप्पा खुर्चीवर बसले. स्वयंपाकघराकडे एकदा पाहून घेऊन, आवाज उतरवून म्हणाले, "तिले कोन सांगी? ती जाळी कोनासाठे धोस? मन्हासाठेच ना. तिन्हा हातनी जाळीमुळे माले खोकला व्हस, हाई मी कोना तोंडवरी सांगू?"

त्यांचा हिशेब साधा होता. मिरचीचा हंगाम होळीच्या आसपास सरतो. तोवर दम काढायचा, मग खोकला आपोआप जाईल, माईंना काही कळणार नाही. हिशेबात निलेशची गाडी धरलेली नव्हती, आणि माझी सपाट रेषाही नव्हती. बायकोला एक वाक्य सांगण्यापेक्षा बाराव्या मजल्यावर राहायला जाणे त्यांनी जवळजवळ पत्करले होते. मी अनेक प्रकारच्या गाळण्या पाहिल्या आहेत. एवढी दाट दुसरी पाहिलेली नाही.

निलेशला मात्र पटवून देणे आवश्यक होते, आणि त्याला पुराव्याखेरीज काही पटत नाही. हा गुण मला आवडतो. आम्ही त्याला खोलीत बोलावले, दार-खिडकी लावली, जाळी परत बसवली, यंत्र काचेतून सोडवून पलंगावर ठेवले आणि एसी गरमवर सुरू केला. सपाट रेषेने प्रथमच मान वर केली. आकडा चढत असतानाच निलेशला ठसका लागला, आणि तो असा लागला की त्याला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकावे लागले. पुण्यात राहून त्याची सवय मोडली होती. माझे नाक केवळ चुरचुरले; आप्पांना मी आधीच दाराबाहेर थांबवले होते.

स्वयंपाकघरातून माईंनी विचारले, कोण खोकते आहे?

"निलेश शे," आप्पांनी उत्तर दिले. "पुणानी हवा बाहेर निंघी ऱ्हायनी."

मी गाडीतून कोरी जाळी आणि नवी गाळणी आणली, खोली मोकळी केली, पुन्हा दार लावून तोच प्रयोग केला. रेषा बसली. निलेशने मोबाइलकडे आणि मग वडिलांकडे पाहिले. त्याला प्रयोग कळला होता. वडिलांचे गप्प राहणे कळायला थोडा अधिक वेळ लागला. अखेर तो म्हणाला की होळीपर्यंत पाहू. दमा पुन्हा उसळला तर मात्र वाद नको. आप्पांनी लगेच मान डोलावली. त्यांनी आयुष्यभर सौदे केलेले आहेत. मनासारखा भाव आल्यावर अधिक बोलायचे नसते, हे त्यांना ठाऊक आहे.

आता राहिल्या माई. त्यांना काय सांगायचे, हे ठरवणे माझ्याकडे आले, कारण दोन्ही पुरुषांना एकाएकी पिशव्या सोडण्याचे काम निघाले. सुदैवाने शास्त्र माझ्या मदतीला धावले. उन्हात प्लास्टिकची जाळी खरोखरच वाकते. म्हणून ती सावलीत वाळवावी, असे प्रत्येक कंपनी सांगते. मी माईंसमोर उभी राहून, एक डोळा लालभडक आणि दुसरा गंभीर ठेवून, उष्णतेने प्लास्टिकवर होणाऱ्या परिणामांविषयी व्याख्यान दिले. डोळ्याचे त्यांनी विचारलेच, तेव्हा तोही उन्हाने लाल झाल्याचे सांगून टाकले. माईंनी सगळे नीट ऐकून घेतले. मध्येच उठून त्यांनी थंड दुधात कापसाचा बोळा भिजवला, तो माझ्या डोळ्यावर ठेवला आणि व्याख्यान पुढे चालू ठेवण्याची खूण केली. जाळी मागच्या गॅलरीत, सावलीच्या दोरीवर वाळवायची, असे ठरले. खिडकीची एक पट्टी मी काढून टाकली. थोडी ताजी हवा खोलीला लागतेच, हे मी पूर्वीच लक्षात घ्यायला हवे होते.

निलेश दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन परतला. रिकामी म्हणजे माणसांनी रिकामी. माईंनी मागचा भाग डबे आणि पिशव्यांनी भरून दिला होता.

आप्पांचा दमा गेला नाही. तो जात नसतो. पण ते रात्री झोपू लागले, दम्याच्या औषधाचा फवारा क्वचित लागू लागला आणि बाजाराची फेरी पुन्हा सुरू झाली. गुंतवणूकदारांना दाखवायच्या माझ्या कामगिरीच्या पत्रकात हे प्रकरण कोठेही नाही. कारण लिहायचे झाले तर माईंचे नाव येते, आणि 'जाळी सावलीत वाळवावी' एवढ्या वाक्यावर कोणी गुंतवणूकदार प्रभावित होत नाही. एक गोष्ट मात्र मनात राहिली. त्या दिवशी परतताना पथारीवरून गेले. डोंगरातून कामाला आलेल्या बाया पदर नाकावर ओढून मिरची निवडत बसल्या होत्या. माझ्या सगळ्या गाळण्या बंद खोल्यांसाठी आहेत. त्या मैदानाला भिंतीच नाहीत. त्या प्रश्नावर मी काम करते आहे. अजून सांगण्यासारखे काही हाती आलेले नाही, म्हणून येथे सांगत नाही.

होळी झाल्यावर देखभालीसाठी मी पुन्हा त्या घरी गेले. आप्पा बाजारात होते. मी दार वाजवण्यापूर्वी फोन केला नव्हता, तरी माईंनी एसी बंद केलाच. मी तो विनंती करून पुन्हा सुरू करून घेतला. आकडे चांगले आले. या वेळी ते हंसांचे नव्हते. निघताना माईंनी माझ्या हातात मिरचीपुडीची बरणी ठेवली आणि माझ्या उजव्या डोळ्याकडे पाहिले.

"ऊनमा जाळी वाकडी व्हस, हाई खरं शे," त्या म्हणाल्या. "पन ऊन लागीसन एकच डोळा लाल व्हस, हाई मी तुन्हाकडथूनच ऐकं."

व्याख्यानाच्या मध्यावर ठेवला गेलेला तो दुधाचा बोळा मला आठवला. तो इलाज उन्हावरचा नव्हता, मिरचीवरचा होता.

"आप्पास्ले नको सांगजो," माई पुढे म्हणाल्या. "त्यास्ले वाटस, माले समजनंच नही. वाटू दे."

मी सांगणार नाही, असे कबूल केले. तसेच वचन मी आधी आप्पांनाही दिलेले होते. त्या घरी कोणताही दिवाळी अंक येत नाही, याची खात्री करून घेतल्यावरच हे लिहायला बसले.

बाहेर पडताना मागच्या गॅलरीकडे नजर गेली. जाळी सावलीच्या दोरीवर वाळत होती, आणि तिच्यावर धूळ बसू नये म्हणून माईंनी क्रोशाचा पांढरा रुमाल घातला होता. मी थोडा वेळ थांबून विचार केला. शास्त्रीयदृष्ट्या त्यात काहीही चूक नव्हती.